स्थिर पाण्यातला वेग

पुस्तकातल्या नदीला नाव नव्हतं,
नदीत मात्र एक नाव होती.
ती प्रवाहाच्या दिशेने जायची, विरुद्ध दिशेने यायची.
वल्हवणारा कोण, तो जेवला का,
याबद्दल दहावीचं बीजगणित काही बोलत नाही.

म्हणून ऋणालीला म्हटलं, मिटव ते.
नावातच वजाबाकी असलेली ही पोर
चिन्ह बदलताना नेमकी चुकते.
तुझे बाबा रोज जातात ना, त्यांचं उदाहरण मांड.

दिवाळे गावात, मच्छीमार सोसायटीच्या माडीवर,
सोमवार-गुरुवार माझा वर्ग.
कोपऱ्यात जाळ्यांचा ढीग,
फळ्याला खाऱ्या हवेची ओल,
खडू लिहितो कमी, तुटतो जास्त.
खिडकीतून जेट्टी दिसते, तिवरं दिसतात,
आणि दूरवर ते मजले,
जिथली मुलं हीच गणितं
ए.सी.त बसून चुकतात.

तिने घरी विचारून आणलं:
जेट्टीपासून डोलीच्या खुंटापर्यंत सहा किलोमीटर.
ओहोटीबरोबर जाताना चाळीस मिनिटं.
त्याच ओहोटीत परतायचं झालं, तर तास.

होडीचा स्थिर पाण्यातला वेग क्ष मानू.
पाण्याचा वेग य मानू.

किती सभ्य शब्द आहे हा, मानू.
ज्याची काही माहिती नाही
त्याला आधी मान द्यायचा,
पाट मांडायचा,
चौकशी मागाहून.

पहिल्या अटीनुसार क्ष अधिक य बरोबर नऊ.
दुसऱ्या अटीनुसार क्ष वजा य बरोबर सहा.
बेरीज केली. य गेला.
लोप म्हणतात त्याला.
एक दिसेनासा झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नाही;
माझ्या सासरीही हीच रीत होती.
दोन क्ष बरोबर पंधरा.
क्ष साडेसात, य दीड.
ताळा पाहिला, जुळला.

तेवढ्यात पोरीला न्यायला
हसुराम नाखवा जिना चढून आले.
चपला बाहेर काढल्या, फळ्यासमोर उभे राहिले,
देवळात राहावं तसे, पण डोळे उघडे ठेवून.
"साडेसात? बरोबर हाय. इंजिन तेवढंच वडतं."
मग बोट खाली सरकलं, दीडवर.
"ह्यो कोन्या तिथीचा?"

वर्ग हसला. मला हसता आलं नाही.

"अवसेला, पुनवेला उधान.
आष्टमीच्या आसपास भांग,
पानी निस्तं चालल्यासारकं करतं.
तुमच्या य ला तिथ नाय लिवली, मॅडम."

वीस वर्षं सांगत आले,
दोन अज्ञातं असली की दोन अटी पुरतात.
तिसरं डोक्यावर कलेकलेने वाढत होतं, घटत होतं,
आणि मी फळा पुसत होते.

ऋणालीने वही ओढून घेतली.
"बाबा, आज काय?"
"सष्टी."
तिने समासात लिहिलं:
षष्ठीचा य मानू.
बोर्ड असल्या ओळीला गुण देत नाही.
मी दिला. अर्धा.

जिना उतरताना नाखवा म्हणाले,
"भरती सपली, व्होटी लागली नाय,
तवा मधी पानी जरा उबं ऱ्हातं.
दहा-पंधरा मिनटं. जायला-यायला सारकंच."

स्कूटरवर तेच मांडत राहिले.
य शून्य.
क्ष अधिक शून्य, क्ष वजा शून्य,
जाणं आणि येणं एकाच ओळीवर,
दोन अटींची एकच अट,
आणि ती दुसरी इतकी वर्षं
कशाला सांभाळली मी

किल्ले गावठाणला मागून रिक्षावाल्याने हॉर्न दिला.
सिग्नल कधीच सुटला होता.